आधी निघायचा दिवस सांगा: दोघं, सात दिवस, नऊ हजारांत कोल्हापूर ते तळकोकण

2023 च्या डिसेंबरात, 18 तारखेच्या सोमवारी, आम्ही दोघं फुलेवाडीतून निघालो आणि 24 तारखेच्या रविवारी परत आलो. गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडी, तिथून मालवण, कुडाळ, सावंतवाडी, मग आंबोली चढून आजरा आणि गडहिंग्लजवरून घर. मूळ वाट साडेतीनशे किलोमीटरची. इकडंतिकडं फिरणं धरून पाचशेच्या वर गेली. खर्च झाला 8,950 रुपये. सहा रात्रींपैकी पाच रात्री लोकांच्या घरी काढल्या, त्यातली काही माणसं ओळखीची, काही साफ अनोळखी. एक रात्र लॉजवर काढावी लागली. ती का, ते पुढं सांगते.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत. दोघांच्या पगारात घरचा हप्ता आणि सासूबाईंची औषधं भागल्यावर फिरायला फार उरत नाही. संस्थेतल्या मैत्रिणी विचारतात, ओळख नसताना लोक घरात घेतात कसे? त्यासाठी आधी ऑगस्ट 2019 चं सांगावं लागेल.

त्या महापुरात चिखली, आंबेवाडी पाण्याखाली गेली, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, आणि शहरात सगळीकडं पाणी असूनही नळाला पाणी नव्हतं. नवऱ्याच्या कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं चिखलीचं एक पाच जणांचं कुटुंब आमच्याकडं आलं. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही तीन आणि ती पाच. त्यातल्या मावशी पहाटे सहाच्या आत सगळ्यांची अंथरुणं घडी करून भिंतीला लावायच्या. टँकर आला की माझ्याआधी घागर घेऊन रांगेत उभ्या. आणि रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन एकच प्रश्न विचारायच्या, "आज काय चिरू?"

"काही मदत करू का" असं कुणी विचारलं की आपण "नको नको, बसा" म्हणतो. "काय चिरू" म्हटल्यावर हातात विळी द्यावीच लागते. आठव्या दिवशी त्या गेल्या तेव्हा घर रिकामं वाटलं, मोकळं झालं असं नाही वाटलं. दुसऱ्याच्या घरी कसं राहायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. खालचं बरंचसं त्यांचंच आहे.

कुणाला विचारायचं

वहीचं एक पान घ्या आणि वाटेवरच्या गावांची नावं लिहा. प्रत्येक गावापुढं, तिथलं कोण आपल्याकडं कधी आलं होतं ते आठवा. आपण कुणाला ओळखतो हा प्रश्न नंतरचा. सिंधुदुर्गातली माणसं शिक्षणाला आणि दवाखान्याला कोल्हापुरात येतात, त्यामुळं आपल्या बहुतेक घरांत कोकणातलं कुणी ना कुणी जेवून गेलेलं असतं. मालवणच्या काका-काकूंची आमची ओळख अशीच झाली. 2022 मध्ये सासूबाई दवाखान्यात होत्या, शेजारच्या खाटेवर काका. सासूबाईंच्या डब्यात आम्ही आणखी दोन माणसांच्या भाकऱ्या घालत होतो, एवढंच. निघताना काकू म्हणाल्या होत्या, मालवणला आलात तर घर आहे. असं बोलणं पुष्कळ लोक बोलतात. ते लिहून ठेवायचं आणि खरंच विचारायचं.

वैभववाडीला नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाची बहीण, आजऱ्याजवळ त्याच्या आयटीआयमधल्या मित्राची शेती. कुडाळचं घर साफ अनोळखी होतं. आमच्या एका सभासद बाईंनी आपल्या जुन्या शिक्षकांना फोन करून दिला. निवृत्त शिक्षक पती-पत्नी, मुलं मुंबईला. मधे एक भरवशाचं माणूस असलं की अनोळखी घर अर्धं ओळखीचं होतं. मात्र त्या मधल्या माणसाला एकदाच वापरा, आणि तुमच्यामुळं त्याला खाली बघावं लागेल असं काही करू नका.

इंटरनेटवरूनही अशी घरं मिळतात. सर्व्हास ही संस्था 1949 पासून प्रवाशांना लोकांच्या घरी उतरवते. काउचसर्फिंग या संकेतस्थळाला 2020 पासून काही देशांतल्या सभासदांना पैसे भरावे लागतात, बीवेलकम हे तसंच संकेतस्थळ फुकट आहे. मोठ्या शहरांकडं जाणार असाल तर यांचा उपयोग होईल. तळकोकणातल्या गावांसाठी मला फोन जास्त कामाचा वाटतो.

आणि कुणीच नसेल तर देवस्थानं आहेत. नरसोबाच्या वाडीला भक्त निवास आहे, साताऱ्याकडं निघालात तर गोंदवल्याला राहण्या-जेवण्याची सोय होते. तिथं आपण यात्रेकरू म्हणून जायचं, वेळा पाळायच्या, पंगतीत वाढायला उभं राहायचं आणि निघताना देणगीची पावती फाडायची. फुकट आहे म्हणून मुक्काम वाढवायचा नाही.

मेसेज असा लिहा

पहिल्या वाक्यात येण्याबरोबर जाण्याचा दिवस आणि वेळ. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते, आणि ते चुकून शिकले.

2021 च्या डिसेंबरात आमची पहिली खेप देवगडकडं झाली. "दोन-तीन दिवस येतो" एवढंच कळवलं होतं. घर चांगलं, माणसं त्याहून चांगली. तिसऱ्या दिवशी निघायचं म्हटलं तर "एवढ्यात कुठं, उद्या जावा" असा आग्रह झाला, आणि आम्ही राहिलो. त्या रात्री साडेबाराच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. मागच्या पडवीत दिवा दिसला. त्यांची बारावीतली मुलगी पायरीवर बसली होती, मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक, पायाशी डासांची अगरबत्ती, आणि एका हातानं पुस्तकावर येणारी पाखरं हाकलत होती. तिचं टेबल, तिचा दिवा, तिची खोली, सगळं आमच्याकडं होतं. आठवड्यानं तिची पूर्वपरीक्षा होती. मला बघून ती हसली आणि म्हणाली, "झोपा ना काकी, मला सवय आहे." मला सकाळपर्यंत झोप लागली नाही.

"तिसऱ्या दिवशी राही, त्याची अक्कल जाई" ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. घरचे आग्रह करतात तेव्हा तो खराच असतो, पण म्हणून त्या आग्रहाची किंमत कुणी भरत नाही असं नाही. आधीच दिवस सांगितलेला असला की घरच्यांनाही ठरवता येतं, मुलीनं दोन रात्री कुठं अभ्यास करायचा ते. चिखलीच्या मावशी तर पूर येऊन दुसऱ्याच्या घरात होत्या, तरी रोज सांगायच्या, "पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार." तसंच निघाल्या.

मालवणला पाठवलेला मेसेज जवळजवळ जसाच्या तसा देते:

"काकू, नमस्कार. मी फुलेवाडीची, दवाखान्यात भेटलो होतो. आम्ही दोघं मंगळवारी 19 तारखेला संध्याकाळी सहाच्या आत मालवणात पोचतो आणि गुरुवारी 21 ला सकाळी नऊला निघतो. दोन रात्री तुमच्याकडं राहिलो तर चालेल का? खाली चटई टाकून झोपायची सवय आहे, चादरी-उशा आमच्या आणतो. दुपारी आम्ही बाहेर असू, जेवण फक्त रात्रीचं. तुमच्याकडं मार्गशीर्ष पाळतात का ते कळवा, त्याप्रमाणं खाऊ. घरी पाहुणे असतील, कुणाची परीक्षा असेल, तब्येत बरी नसेल तर मोकळेपणानं नाही म्हणा. मग दुपारी चहाला येऊन भेटून जाऊ."

शेवटची दोन वाक्यं कधीच गाळू नका. समोरच्याला नाही म्हणायला वाट ठेवली की त्याच्या हो मध्ये जीव असतो. उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर ते नाही समजायचं, परत विचारायचं नाही.

मार्गशीर्षाचं का विचारलं, तर मालवण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुरमई येते आणि यजमानांना ते माहीत असतं. काकू तो महिनाभर मासे खात नाहीत. त्यांचं उत्तर आलं, "मी खाणार नाही, पण तुमच्यासाठी करते." आम्ही कळवलं, करू नका. दुपारी खानावळीत मासे खाल्ले आणि रात्री काकूंच्या हातचं काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. ती आंबोळी बिडाच्या तव्यावरून उतरायची तेव्हा तिच्या जाळीतून वाफ यायची, आणि काकू म्हणायच्या, पहिली मोडते, दुसरीपासून ताट धरा. खानावळीतलं मी विसरले, हे आठवतंय.

घरात पाऊल टाकल्यावर

रिकाम्या हातानं जायचं नाही, पण भारीही न्यायचं नाही. आम्ही प्रत्येक घराला एक किलोची गुळाची ढेप आणि पावशेर कांदा-लसूण चटणी नेली. गुऱ्हाळं सुरू असतात त्या दिवसांत ताजा गूळ मिळतो, कोकणात त्याचं मनापासून स्वागत होतं, आणि तो गाडीत खराब होत नाही. मिठाई उन्हात टिकत नाही. चपला तर मापाशिवाय नेऊच नका.

यजमानांच्या हातात पैसे ठेवू नयेत, अपमान वाटतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचं आणि भाजी, दूध, फळं आणायची. "काय आणू" विचारलं तर काही नको म्हणतील, म्हणून आदल्या रात्री स्वयंपाकघरात काय संपत आलंय ते बघून ठेवायचं. घरात लहान मूल असेल तर निघताना त्याच्या हातावर शंभर-दोनशे ठेवायचे. ते आपल्याकडं चालतंच.

आंघोळीची वेळ पहिल्या संध्याकाळीच विचारा. पाणी चुलीवर तापत असेल तर कुणानंतर कुणाचा नंबर हे ठरलेलं असतं, त्यात आपण मधे घुसायचं नाही. अंथरूण सहाच्या आत घडी. मोबाईल चार्ज करायला स्वतःचा बोर्ड न्या, म्हणजे घरातलं एकुलतं एक सॉकेट अडत नाही. आणि बायकांसाठी एक: पाळी येणार असेल तर घरातल्या बाईला आधीच, हळूच सांगा. काही घरांत देवघराजवळ जाणं पाळतात. मला ते पटत नाही, पण एका रात्रीच्या पाहुणीनं तिथं वाद घालावा असंही वाटत नाही. पॅड गुंडाळायला जुने कागद आणि वेगळी पिशवी सोबत ठेवा, आपला कचरा आपल्याबरोबर परत.

"कुणापैकी?", म्हणजे जात कोणती, हा प्रश्न येईल. आमच्याकडंही विचारतात, कोकणातही विचारतात. जे आहे ते सरळ सांगायचं. पण त्या उत्तरावरून पाण्याचा तांब्या बदलला असं दिसलं तर तिथं रात्र काढू नका. आम्हाला या खेपेला तसं कुठं दिसलं नाही.

संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून माणसांजवळ बसा. भाडं म्हणाल तर ते हेच आहे. कुडाळच्या गुरुजींना बोलायला माणूस हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी ते आमच्याबरोबर गाडीत बसून पिंगुळीला आले. ठाकर समाजाच्या चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या कथा, आणि कळसूत्री बाहुल्या तिथं बघायला मिळतात. 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झालेल्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं. एकटे गेलो असतो तर अर्ध्या तासात फोटो काढून निघालो असतो. गुरुजींनी दोन तास एकेक चित्र समजावून दिलं.

दोघांमधलं

दुसऱ्याच्या घरात नवरा-बायकोला एकांत नसतो आणि भांडायलाही जागा नसते. त्यामुळं रोज तासभर गाडी सावलीला लावून आम्ही दोघंच बसायचो. हिशेब, रुसवा, उद्याचं, सगळं तिथं. घरात शिरल्यावर एकमेकांची उणीदुणी यजमानांसमोर काढायची नाहीत, गमतीतही नाही.

आणि एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. आमचं होतं, "गाडीचं ऑईल बघायला हवं." दोघांतलं कुणीही हे म्हणालं की दुसऱ्यानं कारण न विचारता उठायचं.

पाचव्या रात्री ते वापरलं. सावंतवाडीच्या अलीकडं एक घर प्रवाशांच्या एका ग्रुपवरून ठरवलं होतं, मधे ओळखीचं कुणी नव्हतं. फोनवर सांगितलं होतं की घरी बायको-मुलं आहेत. पोचलो तर घरात तीन पुरुष, बायको माहेरी गेलेली, आणि मागच्या खोलीत बाटली उघडलेली. कुणी वावगं बोललं नाही. पण मी बाथरूमची कडी बघितली, ती आतून लागत नव्हती. बाहेर येऊन म्हणाले, ऑईल बघायला हवं. नवरा चहाचा कप खाली ठेवून उठला. त्यांना सांगितलं की नातेवाइकांचा फोन आलाय, आभार मानले आणि निघालो. सावंतवाडीत 1,200 रुपयांना लॉज घेतला. चूक माझी होती: घरातल्या बाईशी स्वतः बोलल्याशिवाय मी ते घर ठरवायला नको होतं. आता बाईचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय हो म्हणत नाही.

म्हणून एका लॉजचे पैसे नेहमी वेगळे, डॅशबोर्डच्या कप्प्यात. मुक्कामाच्या जागी उजेडात पोचायचं. घराचा पत्ता आणि लोकेशन रोज संध्याकाळी माझ्या भावाला जातं, आणि पोचल्यावर यजमानांसमोरच त्याला फोन करते, "पोचलो, अमुक यांच्याकडं आहोत." अनोळखी घरी आपलं आधार कार्ड आपणच पुढं करावं. धाकधूक त्यांनाही असते.

गाडी आणि घाट

आमची वॅगन-आर 2012 ची. निघायच्या आठवडाभर आधी ब्रेक, कूलंट, वायपर आणि स्टेपनीतली हवा बघून घेतली. स्टेपनी लोक विसरतात. गगनबावड्यातून दोन घाट उतरतात, करूळचा वैभववाडीला आणि भुईबावड्याचा खारेपाटणकडं. दरडीमुळं किंवा कामामुळं यातला एखादा बंद असू शकतो, तेव्हा आदल्या दिवशी खालच्या गावात फोन करून विचारा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे. घाटात रेंज जाते, त्यामुळं यजमानांना गगनबावड्यातूनच कळवा. जुलै-ऑगस्टमध्ये ही वाट धरू नका. गगनबावड्याचा पाऊस साधा नसतो, आणि पंचगंगा चढली की आपलाच रस्ता बंद होतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हे दिवस बरे.

हिशेब

पेट्रोल 3,200. गूळ, चटणी वगैरे 1,150. वाटेतलं खाणं 1,400. घरांसाठी केलेला बाजार 900. मुलांच्या हातावर 600. सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट आणि किरकोळ 500. लॉज 1,200. लॉज टळला असता तर पावणेआठ हजारांत झालं असतं. मात्र बाजार, मुलं आणि भेटी यांचे मिळून जे 2,650 आहेत त्यात कधी हात आखडता घेऊ नका. तिथं वाचवायला गेलात तर पुढच्या वर्षी फोन कुणी उचलणार नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री सगळ्यांना पोचल्याचा मेसेज. आठवड्याच्या आत त्यांचे फोटो कागदावर छापून पोस्टानं. आजऱ्याच्या मित्राच्या आईनं आम्हाला घनसाळ तांदळाची पिशवी दिली होती. तिचा भातकाढणीच्या खळ्यावरचा फोटो पाठवला, तो त्यांनी देवघराशेजारी लावलाय असं कळलं. आणि आपलं घर उघडं ठेवायचं. त्या खेपेनंतर चार जण आमच्याकडं राहून गेले.

त्या वहीत आता प्रत्येक घराचं एक पान आहे. मालवणचं असं: "काकू मार्गशीर्ष पूर्ण पाळतात. काकांना चहा बिनसाखरेचा. डावीकडचा नळ खारा, प्यायचं पाणी विहिरीचं. मागच्या दाराची कडी वर उचलून लावायची. सकाळी साडेसहाला नारळ खवायला बसतात, तेव्हा आधीच जाऊन विळी मागायची."